मदत हवी आहे: अ‍ॅन्सिबलमधून रिव्हर्ट टाइमर (बदल वेळेत पक्का न केल्यास जुनं कॉन्फिग परत आणणारा) कसा लावायचा?

अंधेरीच्या ऑफिसातून मुंबईभरच्या शाखांमधले ६४ सिस्को स्विच अ‍ॅन्सिबलने (एका जागेवरून अनेक उपकरणांना सेटिंग पाठवणारं साधन) सांभाळतो. बहुतेक आयओएस १५ वर (सिस्कोची स्विचवरची प्रणाली). कॉन्फिगचा, म्हणजे सेटिंग्जचा, बॅकअप रोज रात्री गिटमध्ये (जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) जातो, त्याची काळजी नाही.

गेल्या आठवड्यात टेम्प्लेटमध्ये 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' गेलं. मधला 'अ‍ॅड' राहिला (चूक माझीच), त्यामुळे व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) यादीत भर पडण्याऐवजी जुनी यादीच पुसली गेली. मुलुंडच्या स्विचच्या अपलिंकवर (बाकी नेटवर्कशी जोडणारी लाइन) फक्त ३० उरला, ज्यावरून स्विचपर्यंत दुरून पोहोचतो तो मॅनेजमेंट व्हीलॅन गेला आणि मी कन्सोल केबल घेऊन रात्रीच्या लोकलमध्ये!

'रिलोड इन १०' (रद्द न केल्यास १० मिनिटांनी रीस्टार्ट) करून पाहिलं. चालतं, पण काही बिनसलं तर अख्खा स्विच रीस्टार्ट होतो, पीओईवरचे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे आणि फोन बंद पडतात. शाखावाले ऐकून घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. चेक मोड (बदल न करता चाचणी) आणि डिफही (काय बदलेल ते दाखवणारी यादी) वापरतो, पण त्या दिवशी डिफमधली ती ओळ मला निरागसच वाटली होती.

आर्काइव्ह पाथ (जुनं कॉन्फिग साठवायची जागा) सगळीकडे सेट आहे. हाताने 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टाइमर १०' दिलं की नीट चालतं. 'कॉन्फिगर कन्फर्म' न दिल्यास जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. अडचण अशी, की अ‍ॅन्सिबलचं आयओएस-कॉन्फिग मॉड्यूल कॉन्फिग मोडमध्ये स्वतःच शिरतं, तिथे टाइमर द्यायला जागा सापडत नाही. नेटमिकोमध्ये (स्विचला कमांड पाठवणारी पायथन लायब्ररी) कॉन्फिग मोडची कमांड बदलता येते, ते माहीत आहे.

नवीन कंट्रोलर घ्यायला बजेट नाही, शाखांत वेगळी कन्सोल लाइनही नाही.

अ‍ॅन्सिबलमध्येच राहून हे कोणी जमवलंय का? की तेवढी पायरी नेटमिकोच्या स्क्रिप्टने करून प्लेबुकमधून (अ‍ॅन्सिबलची कामांची फाइल) ती बोलवावी?