मदत हवी आहे: शेड्यूल सतत बदलतं, साठा नेमका कुठे ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. मोठ्या ग्राहकाचं शेड्यूल महिन्याच्या सुरुवातीला येतं आणि दुसऱ्या आठवड्यात फिरतं. एकूण नग साधारण तेवढेच असतात, पण कुठल्या साइजचे किती, हे पार उलटसुलट होतं. फोर्जिंगवाल्याला (तापवून ठोकलेले कच्चे भाग देणारा) चार आठवडे आधी ऑर्डर लागते, वर किमान बॅच ठरलेली. प्लेटिंगवाला (भागांवर धातूचा मुलामा देणारा) आमचा माल बाजूला ठेवून मोठ्या गिऱ्हाइकांचा आधी काढतो. (त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.)

रॅक तयार मालाने भरलेत आणि हवी ती साइज नेमकी नसते. साठा वाढवला तर खेळतं भांडवल अडकतं. सगळे म्हणतात ईआरपी (ऑर्डरी-साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या. पण आकडे ग्राहकच फिरवतो, तिथे ईआरपी काय करणार? लहान युनिटमध्ये कुणी यातून वाट काढली आहे का?

प्रतिसाद १
'एकूण नग तेवढेच' यातच उत्तर आहे. साइजवार अंदाज जितका चुकतो, तितका एकूण मागणीचा चुकत नाही. म्हणून तयार माल कमी करा, साइज ठरण्याआधीच्या टप्प्यावर अर्धवट माल ठेवा. बेनेटन या इटालियन कपडे कंपनीने स्वेटर आधी विणून रंग नंतर द्यायला सुरुवात केली, ती याच हिशेबाने. मात्र शेवटच्या ऑपरेशनचा सेटअप झटपट बदलता आला पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद २
फोर्जिंगवाल्याला पक्की ऑर्डर आणि पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज वेगवेगळा कळवा, कच्चा माल तो आधीच राखून ठेवेल. मागणीतल्या चढउतारासाठीचा सेफ्टी स्टॉक (राखीव साठा) लीड टाइमच्या (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या वेळेच्या) वर्गमुळाप्रमाणे बदलतो: चार आठवड्यांचा एक झाला तर साठा निम्म्यावर येतो. ग्राहकाकडे निदान पुढचा एक आठवडा गोठवून मागा, म्हणजे त्यातले आकडे बदलायचे नाहीत. तोंडी नको, मेलवर घ्या. प्लेटिंगला रोज थोडा माल पाठवण्यापेक्षा आठवड्यातले ठरावीक दिवस बांधून घ्या, त्यालाही टाकीचं काम आखता येतं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तीन साइजना एकच फोर्जिंग चालतं, म्हणजे अर्धवट साठा जमेल. अडचण एकच: ग्राहकाला प्रत्येक नगाचा हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतला आहे ते सांगणारा क्रमांक) लागतो आणि फोर्जिंगवर ठोकलेला नंबर फेसिंगमध्ये (पृष्ठभाग कापून सपाट करताना) निघून जातो. असा माल पडून असतो तेव्हा तुम्ही नंबर कसा टिकवता? वेगळ्या ट्रे, की पुन्हा पंचिंग (नंबर ठोकणं)?