हीटसिंकखाली पेस्ट नाही लावली तर चालतं का?

यार्डातला (सांगली):
आमचं मार्केट यार्डात हळदीचं आडत दुकान. दुकानातला कॉम्प्युटर जुना, इंटेलचा आय थ्री 3220. हळदीची पूड बसून पंख्याची पाती पिवळी झालेली, म्हणून परवा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, पंख्याखालचा धातूचा ठोकळा) काढून ब्लोअर मारला. प्रोसेसरवर पांढरं, वाळलेलं काहीतरी होतं. घाण समजून फडक्यानं पुसलं. आता टॅली उघडून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब) करायला घेतल्या की दहा मिनिटांत मशीन बंद. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान 90 अंशांच्या वर दिसतंय. ओळखीचे एकजण म्हणाले, धातूला धातू टेकला की बास, पेस्ट हा नुसता खर्च. खरंय का? तोवर टूथपेस्ट लावू का? सौदे सुरू आहेत, माणसं पट्टीसाठी खोळंबलीत.

मिरजेचा रिपेअरवाला:
दादा, पुसलीत ती थर्मल पेस्टच होती, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली फट भरणारी. मशीन आधी बंद ठेवा. दोन्ही धातू हाताला गुळगुळीत लागले तरी त्यांवर बारीक खळगे असतात. टेकतात थोड्याच ठिकाणी, बाकी मध्ये हवा. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता 0.025, साध्या पेस्टची 1 च्या आसपास, म्हणजे चाळीसपट. पण हीटसिंकच्या ॲल्युमिनियमची 200 च्या पुढे, म्हणून पेस्ट जाड थापायची नाही, फक्त खळगे भरायचे. टूथपेस्ट अजिबात नको, त्यातलं पाणी उडालं की ती भेगाळते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा आणि हीटसिंक सरळ खाली दाबा. हीटसिंकच्या चारही खिट्ट्या तिरप्या जोडीनं दाबा, टक्क आवाज येईपर्यंत. मग बोर्डाच्या मागून चारही टोकं आरपार आलीत का बघा. मध्येच उचललात तर सगळं पुसून नव्यानं लावा.

विश्रामबागकर:
त्या ओळखीच्यांनी 486 या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा काळ पाहिला असेल. आमच्या लॅबमधल्या कित्येक 486 ना हीटसिंकसुद्धा नव्हता. त्या चिप पाच-सहा वॅटच्या. तुमचा 3220 हा 55 वॅटचा आहे.

यार्डातला (सांगली):
लावली. एक खिट्टी खरंच अर्धवट बसलेली, मागून बघितल्यावर कळलं. आता पट्ट्या करताना 46 च्या वर जात नाही. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या हातात दिल्या. फार उपकार झाले. आता पंख्यावर मलमल बांधली तर हळद अडेल का?

मिरजेचा रिपेअरवाला:
मलमल नको, हवाच अडेल. सीपीयूचा डबा जमिनीवरून उचलून वजनकाट्यापासून लांब, टेबलावर ठेवा. सीझनमध्ये दर पंधरवड्याला पाती बोटानं धरून ब्लोअर मारा, हीटसिंक न काढता.