पुण्याची नोकरी घ्यावी का सोलापुरातच राहावं? देवाची इच्छा नेमकी कशी ओळखायची

सातरस्ता_कर

सगळ्यांना सलाम. पहिल्यांदाच लिहितोय इथं, लांबलंय, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय २९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, सात वर्षं झाली, पगार २४ हजार. पप्पा २०१९ ला गेले. घरात मी, मम्मी आणि लहान बहीण, ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आली ३८ हजारांची आणि तेव्हापासून माझी झोप उडालीय.

प्रार्थना रोज चालू आहे, तीन बुधवार उपास पण केला. एकदा रात्री डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं तर उत्पत्ती १२ निघालं, देव अब्रामाला सांगतो की आपला देश, नातलग, बापाचं घर सोडून निघ. मला वाटलं झालं, उत्तर मिळालं. खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी परत तसंच केलं तर रूथचा पहिला अध्याय, सुनेनं सासूला सोडलं नाही तो भाग. आता काय समजायचं? मग बायबलमधल्या गिदोनानं देवाकडं खूण मागायला जमिनीवर लोकर ठेवली होती तशी मी पण खूण मागितली, म्हटलं प्रभू, रविवारच्या उपासनेच्या आधी एचआरचा फोन आला तर मी जाणार. शनिवारी संध्याकाळी फोन आला. आणि सोमवारी सकाळी मम्मी बाथरूममध्ये घसरून पडली, मनगटाला प्लास्टर. म्हणजे हे थांब असं सांगणं आहे का?

कॉटेज प्रेयरमधल्या (घरोघरी होते ती प्रार्थनासभा) एक आंटी म्हणाल्या मला दर्शनात उघडं दार दिसलं, तू जा. पाळकसाहेब म्हणाले प्रार्थना करत राहा. मित्रानं यिर्मया २९:११ पाठवलं, ते तर आमच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर पण आहे, माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत वगैरे, पण ते संकल्प पुण्यात आहेत का सोलापुरात ते कुठं लिहिलंय.

इथं राहून पण फार काही होणार नाही, पगार वाढत नाही, मालक कधीकधी बिलं मागंपुढं करायला लावतात, कच्च्यातलं पक्क्यात वगैरे, पण ते सगळीकडंच चालतं. दुसरीकडं मंडळीत संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडं आहे, ती मुलं सोडवत नाहीत. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. भीती एकच, चुकीचं पाऊल पडलं आणि देवाच्या योजनेतून बाहेर गेलो तर? कुणी खरंच देवाची इच्छा ओळखून निर्णय घेतला असेल तर कसं ओळखलं ते सांगा प्लीज.

भाकरी_चटणी

भावा मी चार वर्षं पुण्यात काढलीत त्यामुळं आधी हिशोब सांगतो, आध्यात्मिक मोठी माणसं सांगतीलच. ३८ म्हणजे पीएफ वगैरे कापून हातात किती येणार ते आधी विचार. तिथं कॉट बेसिसवर राहिलास तरी भाडं, मेस, रोजचं जाणं-येणं धरून १५ हजार कुठंच गेले नाहीत, वर महिन्यातून दोनदा सोलापूरला यायचं. म्हणजे घरी देण्यासारखं आत्ता देतोस त्यापेक्षा फार जास्त उरत नाही. पुढं पगार वाढेल हे खरं, शिकायला पण मिळतं. मी जाऊ नको म्हणत नाही, पण लूक १४ मध्ये प्रभूनंच सांगितलंय ना बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, मग कागद-पेन घेऊन बसणं हे पण प्रार्थनेच्या विरोधात नाही.

जुन्या_बाई

बाळा, सलाम. मी शाळेतून निवृत्त झाले, त्यानंतर बरीच वर्षं महिला मंडळात बायबलचा अभ्यास घेते. तुझी तळमळ खरी आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस.

तू गिदोनाचं नाव घेतलंस, तर शास्ते ६ आज रात्री पूर्ण वाच. लोकर ठेवायच्या आधीच देवानं त्याला सांगून टाकलं होतं की जा, इस्राएलाला सोडव. लोकर ठेवताना गिदोन स्वतःच म्हणतो, तू म्हटल्याप्रमाणे करणार असशील तर. म्हणजे देवाची इच्छा काय हे शोधायला त्यानं लोकर ठेवलीच नव्हती, सांगितलेल्यावर त्याचा भरवसा बसत नव्हता. देवानं त्याची कीव केली, दोनदा केली, ती देवाची दया. आपण त्याची पद्धत करून टाकलीय.

बोट ठेवण्याचं पण तेच. वचन पूर्ण वाचायला दिलंय, चिठ्ठी काढल्यासारखं नाही. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना, प्रेषितांची कृत्ये १ मध्ये. पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि त्यानंतर नव्या करारात मंडळीनं चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं कुठं दिसत नाही. १५ व्या अध्यायात एवढा मोठा वाद झाला तेव्हा सगळे बसले, बोलले, शास्त्र बघितलं, आणि मग लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटलं. "आम्हांला" हा शब्द मला फार आवडतो. देवाला आपली अक्कल बाजूला ठेवलेली नकोय.

आणि यिर्मया २९. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, त्यात ७० वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यातली मोठी माणसं तर परत येणारच नव्हती. त्यांना देव काय म्हणतो, तर पाचव्यापासून वाच, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं त्याचं हित बघा, त्यासाठी प्रार्थना करा. सोलापूर का पुणे याचं उत्तर त्यात नाही, पण दोन्हीकडं कसं राहायचं ते सगळं आहे.

देवाची इच्छा असे शब्द बायबलमध्ये जिथं सरळ आलेत ते काढून बघ. १ थेस्सलनीका ४:३, तुमचं पवित्रीकरण. त्याच पत्रात ५:१८, सर्व स्थितीत उपकारस्तुती. आणि परमेश्वर आपल्याकडून काय मागतो ते मीखा ६:८ मध्ये, न्यायानं वागणं, दया, देवाबरोबर नम्रतेनं चालणं. यातलं काहीही लपवून ठेवलेलं नाही रे. म्हणून तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये मला टोचलं ते एकच वाक्य, जे तू पटकन उरकून पुढं गेलास. बिलं मागंपुढं करायला लावतात, पण ते सगळीकडंच चालतं. बाळा, त्याबद्दल देवाला काय वाटतं हे विचारायला लोकर ठेवावी लागत नाही. नीतिसूत्रे ११:१ पुरे आहे, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. ज्याचं उत्तर माहीत नाही त्यासाठी तू तीन बुधवार उपाशी राहिलास, आणि ज्याचं माहीत आहे ते वगैरे म्हणून सोडून दिलंस.

रात्रपाळी

बाईंचं बरंचसं पटलं पण एका गोष्टीला माझी हरकत आहे. मी नर्स आहे, उमरग्याकडची, आता सोलापुरात नोकरी. आजकाल असं बोलतात की देवानं अक्कल दिलीय ती वापर आणि ठरव, म्हणजे मग देव आपल्याशी बोलतच नाही का? प्रेषित पौलाला आशियात वचन सांगायला आत्म्यानं मना केलं, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री दर्शनात मासेदोनियाचा माणूस दिसला, कृत्ये १६. हे काय कागद-पेनवर ठरलेलं नव्हतं.

माझी साक्ष सांगते. मला गल्फला जायचं होतं, एजंटकडं अर्धे पैसे भरायचे बाकी होते, सगळं छान चाललेलं, आणि मनात कसली तरी घालमेल, दोन महिने प्रार्थनेला बसलं की तेच. कुठलं वचन नाही, आवाज नाही, फक्त शांती नाही. मी थांबले. पुढं तो एजंट पळाला असं काही झालं नाही हो, माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या, चांगलं कमावतात. पण मी थांबले त्याच वर्षी वडलांना कॅन्सर निघाला आणि शेवटचे आठ महिने मी त्यांचं सगळं केलं, त्या आठ महिन्यांत आयुष्यभर न बोललेलं बोलणं आमचं झालं. मला कुणी कितीही समजावलं तरी मी म्हणणार मला थांबवलं गेलं. त्यामुळं दादा, शांती आहे का नाही हे पण बघा.

जुन्या_बाई

ताई, तुमच्या साक्षीला माझा नमस्कार, ते मी नाकारणार नाही. देव बोलतो. पण पौलाचंच दुसरं उदाहरण बघा, २ करिंथ २:१२, १३. त्याच त्रोवसात प्रभूनं त्याच्यासाठी दार उघडलं होतं, तो स्वतः तसं लिहितो, आणि तरी त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून जिवाला स्वस्थता नव्हती तेव्हा निरोप घेऊन मासेदोनियाला निघून गेला. म्हणजे उघडं दार सोडलं! आणि त्याबद्दल पश्चात्तापाचं एक अक्षर नाही, पुढच्याच वचनात देवाची स्तुती. उलट देवापासून पळून चाललेल्या योनाला यापोत तार्शीशचं जहाज तयार मिळालं, भाडं पण भरलं. आणि दावीद एन-गेदीच्या गुहेत होता तेव्हा त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल आपणहून आत आला, बरोबरचे लोक म्हणाले परमेश्वरानं शत्रू तुझ्या हाती दिलाय, यापेक्षा उघडं दार कुठलं? पण राजावर हात टाकणं चूक हे दाविदाला माहीत होतं, म्हणून त्यानं दारच बघितलं नाही. दर्शन सांगणाऱ्या आंटींना हे प्रेमानं सांगावं.

आणि मुला, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून अनाथ मुली घेऊन आल्या, त्यात पुण्यात प्लेगचे दिवस, तिथं ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर नेल्या. आज आपण मुक्ती मिशन म्हणतो ते असं उभं राहिलं. समोर उपाशी पोरी होत्या आणि एक जमीन होती. मला वाटतं देवाची इच्छा बऱ्याचदा अशीच दिसते, पुढ्यातल्या माणसाच्या रूपात.

सातरस्ता_कर

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. बाई, राग नाही आला पण वाईट वाटलं हे खरं. बिलांचं मी ठरवून नाही करत हो, मालक सांगतात, मी नाही केलं तर दुसरा कुणीतरी करेल. सात वर्षांत दोनदा बोलून बघितलं, म्हणाले तुला पगार हवाय ना. घरात मी एकटाच कमावता आहे. मग पुण्याला जाणं हाच त्यावर उपाय नाही का? म्हणजे तेच उत्तर समजायचं का?

लेजरवाला

भाऊ, मी पण तुझ्याच धंद्यातला, टॅक्सचं काम करतो, म्हणून हे वाचून राहवलं नाही. मी सहा वर्षं हेच केलंय आणि मला पण हेच वाटायचं, मी फक्त एंट्री मारतोय, पाप मालकाचं. रविवारी प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना काहीतरी अडायचं आणि मी ते अडणं पण रेटून न्यायचो.

पुण्याला जाणं हे उत्तर नाही, कारण तिथं पण तीन महिन्यांनी कुणीतरी येऊन म्हणेल तेवढं जरा बघून घे. मला लूक ३ मधले जकातदार आठवतात. बाप्तिस्मा घ्यायला आले आणि योहानाला म्हणाले आम्ही काय करावं? मला कायम वाटायचं तो म्हणेल सोडा तो धंदा. तसं तो म्हणत नाही! नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, बस. नोकरी तीच, टेबल तेच, हात बदला. ते जास्त अवघड आहे. मी शेवटी मालकाला लेखी दिलं की यापुढं या एंट्री माझ्याकडून होणार नाहीत. महिनाभरानं नोकरी गेली. साडेचार महिने घरी होतो, बायकोचा एक दागिना मोडला. देवानं लगेच दुसरं दार उघडलं अशी साक्ष माझ्याकडं नाही, पण त्या साडेचार महिन्यांत मला एकदा पण वाटलं नाही की मी देवाच्या इच्छेच्या बाहेर आहे. तू लगेच राजीनामा टाक असं मी म्हणत नाही, तुझ्यावर घर आहे, घरच्यांची तरतूद करायला सांगणारं १ तीमथ्य ५:८ पण वचनच आहे. फक्त क्रम बदल. आधी ते.

आणि मम्मीला विचारलंस का? अख्ख्या पोस्टमध्ये मम्मी फक्त पडतीय, बोलत कुठंच नाही.

भाकरी_चटणी

हे बरोबर आहे. बहिणीला पण विचार.

सातरस्ता_कर

गुरुवार रात्र. काल लिहायला जमलं नाही.

मम्मीला खरंच विचारलं नव्हतं. तिला काळजी लागेल म्हणून ऑफरचंच सांगितलं नव्हतं, सगळं देवालाच विचारत होतो. काल जेवताना सांगितलं, लोकर, बोट ठेवलेलं, तिच्या पडण्याचा मी काय अर्थ लावला ते पण. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, मी पडले ते बाथरूमच्या मोरीत पाणी तुंबलं होतं म्हणून, पंधरा दिवस सांगतीय प्लंबर आण. नंतर बिलांचं सांगितलं. ते सांगताना मला जास्त जड गेलं. पप्पा गिरणीत होते, त्यांच्या वेळच्या एक-दोन गोष्टी तिनं सांगितल्या ज्या मला माहीत नव्हत्या, त्या इथं लिहीत नाही. बहीण म्हणाली सहा महिने थांब, माझी परीक्षा होऊ दे, मग मम्मीचं मी बघते.

आज सकाळी मालकांना भेटलो. लेखी नाही दिलं, तेवढी हिंमत झाली नाही, पण तोंडी सांगितलं की या महिन्यापासून ती कामं मी करणार नाही. ते काही बोलले नाहीत, फोनवर बोलत बसले. माझे हात थरथरत होते. दुपारी एचआरला फोन करून विचारलं जॉइनिंग परीक्षेनंतर चालेल का, ते म्हणाले सोमवारी कळवतो, बहुतेक नाही म्हणतील.

अजून काहीच ठरलेलं नाही. रविवारी मुलांना शास्ते ६ शिकवायचं ठरवलंय, बाई, तुमच्याकडं त्या धड्याचं काही काढलेलं असेल तर पाठवाल का? उद्या सकाळी आधी प्लंबर येणार आहे.

जुन्या_बाई

पाठवते बाळा. मम्मीला सलाम सांग आणि हात कसा आहे ते कळव.