रेझिनसाठी इंटर्नल गिअर पंपच का

तुम्ही विचारलंय की सेंट्रिफ्युगल पंपाने (फिरत्या चक्राने द्रव बाहेर फेकणारा पंप) रेझिन, म्हणजे राळेसारखा घट्ट, चिकट द्रव, पुढे सरकतच नाही, मग इंटर्नल गिअर पंपात वेगळं काय असतं? रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

यात एका गिअरच्या पोटात दुसरा गिअर असतो. बाहेरच्या मोठ्या गिअरचे दाते आतल्या बाजूला, मोटर त्यालाच फिरवते. लहान गिअर मध्यापासून सरकवून बसवलेला, तो मोठ्याच्या दात्यांनी फिरतो. मधल्या मोकळ्या जागेत चंद्रकोरीच्या आकाराचा स्थिर तुकडा. सक्शनपाशी, म्हणजे माल आत येतो तिथे, दाते एकमेकांतून सुटतात, जागा वाढते, माल आत ओढला जातो. मग चंद्रकोरीच्या दोन्ही अंगांनी, दात्यांच्या खाचांत बसून तो पुढे जातो आणि डिलिव्हरीपाशी, म्हणजे बाहेरच्या तोंडाशी, दाते पुन्हा गुंतले की बाहेर पडतो. प्रत्येक फेऱ्याला जवळपास ठरलेला माल, धक्के फार कमी.

म्हणूनच डांबर, काकवी, छपाईची शाई, वितळलेलं चॉकलेट अशा ठिकाणी हाच पंप दिसतो. मात्र माल जितका घट्ट, तितका वेग कमी ठेवा, नाहीतर खाचा भरायच्या आतच दाते पुढे निघून जातात. कण असलेला माल यात घालू नका, दाते घासतात.

आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की उघडून तो कमी करणारा) तपासल्याशिवाय पंप सुरू करू नका, हे कळकळीने सांगतो. आमच्याकडे एकदा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद राहिला आणि रिलीफ व्हॉल्व्ह जाम होता. फ्लँजचं, म्हणजे पाइपच्या जोडाचं, गॅस्केट फुटून गरम रेझिन उडालं. जेवणाची सुट्टी होती म्हणून जवळ कुणी नव्हतं.