मदत हवी आहे: ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये छोटा स्पीकर बसवला, पण सेल एका रात्रीत संपतात

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो. लग दाबणं, फेरूल घालणं, वायरींना नंबर लावणं हे रोजचंच. पण दोन आठवडे एका इवल्याशा सर्किटपुढे अडकून पडलोय, म्हणून हा धागा.

आधी कशासाठी ते सांगतो. माझी भाची अकरावी सायन्सला आहे. तिची नजर लहानपणापासून अधू, आणि या वर्षभरात आणखी कमी झाली. गणितात पोरगी हुशार आहे, समीकरणं तोंडी सोडवते. अडतं ते आलेखापाशी. मी तिचं बोट धरून वहीवर वक्ररेषा गिरवून दाखवतो, पण वळण कुठे घ्यायचं ते मीच ठरवलेलं असतं. तिला ते स्वतः शोधता आलं पाहिजे.

मावसभाऊ अमेरिकेहून येताना स्वतःचा जुना टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर तिच्यासाठी घेऊन आला. याच मॉडेलवर बेतलेलं ओरायन नावाचं बोलकं यंत्र निघालं आहे, ते आलेख सुरांतून ऐकवतं. पण ते आमच्या आवाक्यातलं नाही. मग ठरवलं, आहे त्यातच स्पीकर बसवू. बाहेर लोंबणारी वायर नको, कारण तिला वस्तू हाताने चाचपडत वापरायची असते; वायर अडकली की सगळंच खाली येतं. बोर्डाच्या परीक्षेत हे चालणार नाही, ते माहीत आहे. घरी समजण्यापुरतंच हवंय.

या कॅल्क्युलेटरला मुळात आवाज नाही. वरच्या कडेला अडीच मिलिमीटरचं लिंक पोर्ट आहे, एकातून दुसऱ्यात प्रोग्राम पाठवण्यासाठी. त्यात दोन सिग्नल लाइन आणि एक ग्राउंड. दोन्ही लाइन आतल्या पुल-अप रेझिस्टरने (लाइन वर ओढून ठेवणाऱ्या) ५ व्होल्टला धरलेल्या असतात आणि प्रोसेसर त्या फक्त खाली ओढतो. सेकंदाला ४४० वेळा ओढून सोडली की ४४० हर्ट्झचा सूर. टीआय-बेसिकमध्ये (कॅल्क्युलेटरच्या सोप्या प्रोग्राम-भाषेत) आवाजाची आज्ञाच नाही, म्हणून त्यातून फक्त y च्या किमती लिस्टमध्ये भरतो आणि वाजवण्याचं काम असेंब्लीतला (थेट प्रोसेसरच्या भाषेतला) छोटा प्रोग्राम करतो. स्क्रीनवर आलेखाला ९५ उभे रकाने मिळतात. डावीकडून उजवीकडे एकेका रकान्याचा एकेक सूर.

जोडणी अशी केली आहे: शालिमारजवळच्या दुकानातून २० मिलिमीटरचा ८ ओहमचा स्पीकर आणि बीसी५४७ आणला, म्हणजे बेसला थोडा करंट दिला की कलेक्टर-एमिटरमधून मोठा करंट सोडणारा एनपीएन ट्रान्झिस्टर. लिंक लाइनवरून १ किलो-ओहम बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरवरून ४७ ओहम आणि स्पीकर मार्गे थेट सेलच्या प्लसला. चार ट्रिपल-ए सेल, म्हणजे ६ व्होल्ट. पॅनेलमधल्या टर्मिनलच्या मानाने इथला पॅड, म्हणजे सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. पहिल्या वेळी तर सोल्डरिंगच्या बिटाची उष्णता जास्त झाली आणि पॅड उचलला गेला. मग भिंगाखाली पोर्टच्या पायावर बारीक इनॅमल वायर लावली. ती धरली आहे.

आवाज येतो! पण:

संध्याकाळी नवे सेल घातले की सकाळी ठार. कॅल्क्युलेटर बंद ठेवला तरी.

लिंकवरून प्रोग्राम पाठवणं बंद पडलं. नुसता चालू ठेवला असताना त्या लाइनवर मीटर १.१ व्होल्ट दाखवतो. स्पीकर बसवण्याआधी ५ होते.

सूर खरखरतो, आणि मावसभावाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये तोच सूर भलत्याच पट्टीत लागतो.

बोर्ड बिघडवलं की काय, ही धास्ती आहे. कृपया मार्ग सांगा.

—

प्रतिसाद १

दादा, बोर्ड ठीक आहे. तुमच्या मीटरनेच उत्तर दिलंय.

लाइन निवांत असताना वर असते. तुम्ही तिच्यावर एनपीएनचा बेस टांगलाय, म्हणून तो ट्रान्झिस्टर सतत चालू आहे. सेलच्या प्लसवरून थेट सप्लाय घेतल्याने बंद बटणाचाही उपयोग नाही. ४७ अधिक ८ ओहम म्हणजे ६ व्होल्टला साधारण १०० मिलिअँपिअर. ट्रिपल-ए अल्कलाइन सेलची क्षमता १००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, तेव्हा सकाळी ते मरणारच. स्पीकरची कॉइलही तेवढा वेळ फुकट तापतेय.

लिंक बंद पडण्याचं कारणही हेच. आतला पुल-अप अशक्त असतो. तुमचा बेस तिथला करंट पिऊन टाकतो आणि लाइन १.१ वर बसते. कॅल्क्युलेटरला वाटतं, पलीकडून कुणीतरी लाइन खाली ओढून बोलू पाहतंय.

बीसी५४७ काढा. २एन७००० मॉसफेट घ्या; हाही ट्रान्झिस्टरच, पण व्होल्टेजवर उघडणारा, त्याचं गेट डीसी करंट ओढत नाही. लिंक लाइन, मग १ किलो-ओहम, मग १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग गेट. गेटवरून ग्राउंडला १०० किलो-ओहम, आणि तिथेच १एन४१४८ डायोड, पट्टीची बाजू गेटकडे. लाइन स्थिर राहिली की कपॅसिटर पुढे काहीच जाऊ देत नाही, गेट शून्यावर येतं, मॉसफेट बंद. सूर चालू असताना डायोड गेटला फार खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरची उडी जवळजवळ पूर्ण मिळते. हा डायोड गाळू नका, नाहीतर गेटला अडीचच व्होल्ट मिळतील आणि काही २एन७००० तेवढ्यावर नीट उघडत नाहीत. स्पीकरवरही एक डायोड उलटा लावा.

खरखर इंटरप्टमुळे, म्हणजे प्रोसेसर मधूनमधून हातातलं काम थांबवून दुसरीकडे वळतो त्यामुळे. वाजवण्याआधी प्रोग्राममध्ये इंटरप्ट बंद करा, नंतर चालू करा. पट्टीचं म्हणाल तर टीआय-८४ प्लस ६ आणि १५ मेगाहर्ट्झ अशा दोन वेगांनी चालतो. ४४० हर्ट्झसाठी १५ वर दर १७,०४५ क्लॉकनंतर (प्रोसेसरच्या ठोक्यांनंतर) लाइन पालटायची, ६ वर ६,८१८ नंतर. दुसऱ्या प्रोग्रामने वेग बदलला असेल तर सूर अडीच पट वर किंवा खाली जाणारच. सुरुवातीलाच वेग ठरवून टाका.

—

प्रतिसाद २

ट्रान्झिस्टरच नको असेल तर २७ मिलिमीटरची पिएझो चकती (व्होल्टेज दिलं की थरथरून वाजणारी) दोन सिग्नल लाइनच्या मध्ये जोडा आणि दोन्ही लाइन उलटसुलट हलवा. निवांत असताना काहीच खात नाही. मात्र ती काही किलोहर्ट्झपाशीच जोरात वाजते, खालचे सूर क्षीण. तुमच्या भाचीला आलेखाचा तळ ऐकायचाय, म्हणून मी स्पीकरच ठेवीन.

स्पीकरच्या कडेने दोन बाजूंची फोमची टेप गोल लावून तो मागच्या झाकणाला चिकटवा. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की एकमेकांना खातात. झाकणाला एक मिलिमीटरची सात-आठ भोकं पुरेत, पण झाकण वेगळं काढून पाडा. कीस बोर्डवर जायला नको. आणि उघडण्याआधी प्रोग्राम आर्काइव्हमध्ये, म्हणजे सेल काढले तरी टिकणाऱ्या मेमरीत, टाका.

—

धागाकर्ता

मंडळी, काल रात्री केलं. मॉसफेट, डायोड, सगळं नखाएवढ्या व्हेरोबोर्डवर (भोकांच्या, तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डवर) बसलं. लाइनवर पुन्हा ५ व्होल्ट. सेलच्या वाटेत मीटर लावून पाहिला, बंद असताना तो जवळजवळ शून्यावर. लिंकही चालते. फोम लावल्यावर आवाजाला जो भरदारपणा आला, तो मला अपेक्षित नव्हता.

आज सकाळी तिच्या हातात दिला. x वर्ग वाजवला. सूर उतरत गेला, मध्ये रेंगाळला, पुन्हा चढला. ती पेटी शिकते. म्हणाली, "मामा, जिथून निघाला त्याच सुरावर परत आला. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या." मी काहीच सांगितलं नव्हतं. मग तिने x घन स्वतः टाईप केला.

आता एकच अडलंय. स्क्रीनवरच्या दर आडव्या ओळीला ठरावीक हर्ट्झ वाढवले तर वरचे सूर एकमेकांना चिकटल्यासारखे लागतात, म्हणून ओळीमागे ठरावीक पटीने वाढवतोय. २२० ते ८८० हर्ट्झ, दोन सप्तकांत ६३ ओळी. हे तिला पटलं. पण आलेख x-अक्ष ओलांडतो ती जागा कशी कळवायची? तिथे टिचकी वाजवली तर सूर तुटतो, आणि शून्याखाली सूर थरथरवला तर पट्टी ओळखणं तिला जड जातं. कुणी असं काही ऐकण्यासाठी बनवलं असेल तर नक्की लिहा. ती रोज संध्याकाळी विचारते, उत्तर आलं का म्हणून.