कार्बुरेटर राहू द्या, आधी सील बघा

तुमची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल गरम झाली की आयडलिंग धरत नाही, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढतंच राहतं, आणि कार्बुरेटर दोनदा साफ करून झालाय. मग तिसऱ्यांदा उघडू नका. बाहेरची हवा आत खेचली जातेय, त्याची ही लक्षणं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीत येतं. तिथलं ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) गेलं की कार्बुरेटरने कितीही नीट माप दिलं तरी मिश्रण पातळच होणार, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. या गाडीचं उत्पादन १९९६ ला बंद झालं. तिचं मूळ रबर आजवर मऊ राहील कसं?

इंदूरला माझ्याही गाडीचं हेच झालं होतं. भेरूघाट चढताना दम टाकायची. मेकॅनिकभाऊ कार्बुरेटरचे जेट बदलत बसले. शेवटी मीच मॅग्नेटोचं (वीज बनवणाऱ्या भागाचं) कव्हर काढलं, तर आतल्या स्टेटर प्लेटखाली तेलाचा काळा चिकट ओघळ, आणि प्लग मात्र पांढराफटक! म्हणजे मॅग्नेटोकडचं सील गेलेलं आणि मिश्रण पातळ.

क्लचकडचं सील गेलं तर प्रकार वेगळा. गिअर ऑइल आत ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि ऑइल मुकाट्याने कमी होत जातं.

पण इंजिन खोलण्याआधी, ते चालू ठेवून इनटेकच्या रबरी जोडावर थोडं साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर गळती तिथेच, काम स्वस्तात निपटलं. (काही जण पेट्रोल शिंपडायला सांगतात. गरम इंजिनावर? नको हो.) तोवर गाडी लांब पळवू नका, पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल.