प्लँटेड टँकविषयी (माशांच्या टाकीत जिवंत पाणवनस्पती वाढवण्याविषयी) इंटरनेटवर मिळणाऱ्या सल्ल्यांपैकी विश्वास कशावर ठेवावा?

बोअरचे_पाणी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे ७० लिटरची टाकी आहे. आठ महिन्यांपूर्वी तिच्यात व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन आणि जावा फर्न ही झाडे लावून गप्पी मासे सोडले. गावात मला जी दुकाने माहीत आहेत तिथे ‘पाण्यातले झाड’ म्हणून लकी बांबू दाखवतात, त्यामुळे सगळे मार्गदर्शन मी इंटरनेटवरूनच घेतले आणि आता त्याच मार्गदर्शनाने मला पुरते गोंधळात टाकले आहे.

जावा फर्नच्या पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे शेवाळ आले. एका ठिकाणी वाचले की फॉस्फेट वाढल्यामुळे ते येते, तर दुसऱ्या ठिकाणी फॉस्फेट घालायला सांगितले होते. तिसऱ्याने ‘लिक्विड कार्बन’ची बाटली सुचवली, ती रोज घालू लागल्यावर शेवाळ थोडे कमी झाले, पण दहा दिवसांत व्हॅलिस्नेरियाची पाने शिजवलेल्या पालेभाजीसारखी गळून पडली. मग सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याच्या बाटल्या जोडून झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सुरू केला. ड्रॉप चेकरमध्ये, म्हणजे वायूचे प्रमाण रंगावरून दाखवणाऱ्या टाकीतल्या काचेच्या कुपीत, टाकीतलेच पाणी आणि निर्देशक द्रवाचे तीन थेंब घालून त्याचा रंग हिरवा होईपर्यंत बुडबुडे वाढवा, असे एका लेखात स्पष्ट लिहिले होते. रंग अजून निळसर हिरवाच होता आणि मासे मात्र पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. चार गप्पी गेले.

यातला प्रत्येक सल्ला देणाऱ्याची टाकी छायाचित्रात माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर होती. मग सल्ला पारखायचा तरी कशावरून?

खडकवासला_६०

माशांचे वाईट वाटले. आधी तुमच्या चेकरविषयी लिहितो, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

ड्रॉप चेकर कार्बन डायऑक्साइड थेट मोजत नाही, तो त्याच्या आतल्या पाण्याचा पीएच रंगातून दाखवतो. त्या पीएचवरून वायूचे प्रमाण काढायचे तर आतल्या पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा, माहीत असावा लागतो. केएचला तीनने गुणायचे आणि त्याला पुन्हा १० च्या (७ वजा पीएच) इतक्या घाताने गुणायचे, म्हणजे पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत किती भाग) उत्तर येते. केएच ४ आणि पीएच ६.६, म्हणजे स्वच्छ हिरवा रंग, असेल तर उत्तर सुमारे ३० येते आणि तेच आपल्याला हवे असते. आता केएच १४ धरा. निळसर हिरव्या रंगाला, म्हणजे साधारण ६.९ पीएचला, उत्तर ५० च्या वर जाते आणि पूर्ण हिरव्या रंगाला १०० च्या वर. तुमच्या टोपणनावाप्रमाणे पाणी खरोखर बोअरचे आणि असेच कठीण असेल तर त्या लेखाने तुम्हाला माशांना गुदमरवण्याची कृती सांगितली, असे म्हणावे लागेल.

लेख लिहिणारा खोटे बोलत होता असे मात्र मला वाटत नाही. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच ३ आहे. मी टाकीतले पाणी चेकरमध्ये घातले असते तर माझे फारसे काही बिघडले नसते आणि मीही कदाचित तसाच लेख लिहिला असता. म्हणून मी सल्ला वाचताना पहिल्यांदा हे पाहतो की लिहिणाऱ्याने स्वतःच्या पाण्याचा केएच आणि जीएच (एकूण कठीणपणा), दिवा किती तास चालतो, टाकीत निव्वळ पाणी किती लिटर आहे आणि ती किती महिन्यांची आहे हे सांगितले आहे की नाही. हे नसेल तर तो मजकूर मी हकीकत म्हणून वाचतो, पण त्याप्रमाणे हात चालवत नाही.

एककांकडेही लक्ष असू द्या. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. कठीणपणा कोणी जर्मन अंशांत सांगतो, कोणी पीपीएममध्ये, आणि एक जर्मन अंश म्हणजे जवळजवळ १८ पीपीएम. ‘गॅलनमागे इतके वॅट’ हा नियम तर ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडीला तो लावणारा लेख दिसला की मी पुढे वाचत नाही.

आणि छायाचित्रांविषयी म्हणाल, तर स्पर्धेसाठी फोटो काढण्यापूर्वी टाकीतल्या नळ्या आणि उपकरणे बाहेर काढण्याची पद्धतच आहे. तो एका दिवसाचा देखावा असतो. मला विचाराल तर त्याच टाकीचा सहा महिन्यांनंतरचा फोटो जास्त बोलका.

रसायनाचा_तास

वर केएचचे सूत्र आलेच आहे, त्याला एक पुस्ती जोडतो. पाण्यात कार्बोनेटखेरीज दुसरे बफर (पीएच बदलू न देणारे पदार्थ) असतील तर ते सूत्र फसते, म्हणून चेकरमध्ये टाकीतले पाणी कधीच नको. १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला की सुमारे ४० केएचचे द्रावण मिळते. त्यातले १० मिलि घेऊन डिस्टिल्ड वॉटरनेच १०० मिलि केले की ४ केएच होतो. तेच चेकरमध्ये वापरावे.

फॉस्फेटचे दोन परस्परविरोधी सल्ले तुम्हाला मिळाले, कारण ते दोन वेगवेगळ्या काळांतले आहेत. १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केविन कॉन्लिन या दोघा छंदिष्टांनी असे मांडले की बाकीची पोषकद्रव्ये पुरवून फॉस्फेट तेवढे तुटपुंजे ठेवले तर झाडे ते ओढून घेतात आणि शेवाळाला काही उरत नाही. त्यांनी आपल्या टाक्यांची माहिती नीट मांडली होती आणि त्यांची पद्धत अनेकांच्या टाक्यांत चाललीही. पुढे टॉम बार आणि इतर छंदिष्टांनी, झाडे भरपूर असलेल्या टाक्यांमध्ये फॉस्फेट मुद्दाम वाढवून पाहिले, तेव्हा केवळ त्यामुळे शेवाळ आले नाही. म्हणजे निरीक्षण बरोबर असूनही त्याचे स्पष्टीकरण अपुरे निघाले. आज फॉस्फेटला सरसकट दोष देणारे पुष्कळ लेख हे त्या जुन्या मांडणीचीच नक्कल आहेत, फक्त मधला इतिहास गळून गेला आहे. त्यामुळे मी कोणत्याही सल्ल्यात ‘काय केले आणि काय दिसले’ हा भाग आणि ‘असे का झाले’ हा भाग वेगळा काढतो. पहिला भाग सहसा उपयोगी पडतो.

‘लिक्विड कार्बन’ या नावाखाली बहुधा ग्लुटारअल्डिहाइड विकले जाते. रुग्णालयात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरतात तेच हे रसायन. त्याने शेवाळ मरते यात नवल नाही आणि व्हॅलिस्नेरियाला ते सोसत नाही, हे छंदात जुन्या असलेल्या बहुतेकांनी पाहिलेले आहे. बाटलीवर मात्र ‘कार्बन’ हा शब्द मोठा असतो. जाता जाता, तुमचे काळे शेवाळ शैवालांच्या लाल वर्गातले आहे. एक पान स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, ते लालसर होईल. इंटरनेटवरच्या फोटोशी ताडून शेवाळाचे नाव ठरवण्यापेक्षा ही खूण भरवशाची.

द्राक्षबाग_तासगाव

मी शेतकरी आहे, टाकीचे वेड मुलामुळे लागले. खतांच्या बाबतीत इंटरनेटवर जितकी गूढ भाषा वापरली जाते तितकी आमच्या कृषी सेवा केंद्रात वापरत नाहीत. परदेशी बाटलीत जे पोटॅशियम नायट्रेट असते तेच आम्ही ठिबकमधून १३:००:४५ म्हणून सोडतो. पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४. तुमच्या टाकीत माती आणि दगड वजा जाता ६० लिटर पाणी असेल, तर एक ग्रॅम १३:००:४५ मुळे नायट्रेट साधारण १० पीपीएमने वाढते. हे गणित कोणालाही घरी करता येते. ज्या सल्ल्यातला आकडा मला असा स्वतः ताडून पाहता येतो तो मी मानतो. ‘एक झाकण घाला’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, झाकणात काय आहे?

मात्र १९:१९:१९ आणि १२:६१:०० टाकीत घालू नका. ‘खत ते खतच’ असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असते, दुसऱ्यात अमोनियम, आणि कठीण, चढ्या पीएचच्या पाण्यात अमोनिया माशांना अधिकच विषारी ठरतो.

जुनी_टाकी (ठाणे)

वरील मित्रांशी माझा थोडा मतभेद आहे. आकडे देणाराही चुकीचा असू शकतो आणि ज्याला केएच शब्दही ठाऊक नाही अशा माझ्या शेजाऱ्यांच्या टाकीत क्रिप्ट (क्रिप्टोकोरीन) अकरा वर्षे वाढत आहेत. मी फक्त अशाच माणसाचे ऐकतो ज्याने आपली फसलेली टाकीही दाखवली आहे. एकाच माणसाच्या दोन-तीन वर्षांच्या जुन्या नोंदी सलग वाचा. मत कधी बदलले आणि कशामुळे बदलले हे त्यात दिसले तर तो माणूस आपल्या कामाचा.

शिवाय इंटरनेटवर दिसणारा, दर आठवड्याला निम्मे पाणी बदलण्याचा सल्ला तुमच्याकडच्या पाणीटंचाईत कसा जमायचा? तो नियम भरमसाट खत घालणाऱ्या पद्धतीसाठी आहे, कारण तिथे साचलेले खत काढून टाकावे लागते. कमी दिवा, कमी खत आणि मोजके मासे ठेवले तर त्याची निकड राहत नाही.

बोअरचे_पाणी (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तपासणी संच मागवून मोजल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

टाकीचा केएच १५ निघाला. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येते, त्यामुळे टाकी मी सुरुवातीपासून बोअरवरच चालवत आलो आणि ही गोष्ट कोणत्याही ठिकाणी सल्ला मागताना मी लिहिलीच नव्हती. सोड्याचे द्रावण करून चेकर पुन्हा भरला. आधीच्याइतक्याच बुडबुड्यांना तो दोन तासांत पिवळा झाला, म्हणजे वायू फार जास्त होता. बुडबुडे आता निम्म्याहून कमी आहेत, रंग हिरवा आहे आणि मासे खालीच फिरतात. दिवा दहा तासांवरून सात तासांवर आणला. ‘लिक्विड कार्बन’ची बाटली बंद केल्यावर व्हॅलिस्नेरियाच्या उरलेल्या दोन बुंध्यांना बोटभर नवी पाने आली आहेत.

स्पिरिटमधले जावा फर्नचे पान रात्रभरात गुलाबी झाले. आता एवढेच सांगावे की शेवाळ लागलेली जुनी पाने कापून टाकावीत की तशीच राहू द्यावीत? उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या पाण्याचा केएचही लिहावा, ही विनंती.